बोटीवर नळ कुठं असतो

आमच्या घरात ज्याचं ताट त्यानंच धुवायचं. पाहुणा असो, नवा जावई असो नाहीतर तापानं फणफणलेलं माणूस असो, जेवण झालं की उठायचं, आपलं ताट घेऊन मोरीवर जायचं आणि लख्ख धुऊन पालथं घालायचं. हा नियम माझ्या सासऱ्यांचा. त्यांच्या लहानपणी त्यांची आई टोपली घेऊन गावात दारोदार फिरायची आणि लोकांच्या ताटात उरलेलं शिळंपाकं त्या टोपलीत पडायचं. त्यावर घर चालायचं. सासरे पुढं मोठे झाले, त्यांनी बुद्धाची दीक्षा घेतली आणि घरी आल्याआल्या ती टोपली चुलीत घातली. म्हणाले, या घरातलं माणूस आजपासून दुसऱ्याच्या उष्ट्याला हात लावणार नाही, आणि आपलं उष्टं दुसऱ्याला उचलायला लावणार नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी सवयीनं नवऱ्याच्या ताटाला हात लावला. सासरे केवढ्यांदा ओरडले! "ठेव ते खाली! त्याला हात नायत काय?" मी तर घाबरून रडायलाच लागले. नंतर ध्यानात आलं की अख्ख्या खालापूर तालुक्यात नवऱ्याचं ताट न धुणारी सून मी एकटीच असणार. बायका मला टोमणे मारायच्या, पण आतून जळायच्या. मला काय, बरंच होतं की!

पण त्याच नियमानं घरातला एक माणूस बाहेर गेला. माझा धाकटा दीर. तो लोणावळ्याला एका हॉटेलात कामाला लागला, टेबलं पुसायला आणि ताटं उचलायला. सासऱ्यांना कळलं त्या दिवशी ते म्हणाले, "उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा नाय." माझा नवरा थोरला. त्यानं बापाचीच री ओढली. मग दीर वर्षातून एकदा यायचा, पडवीत बसायचा, तांब्याभर पाणी प्यायचा आणि उठायचा. पुढं सासरे वारले, तरी तो पडवीतच बसायचा. जाताना यांना म्हणायचा, "दादा, एकदा हाटेलात येऊन माझ्या हातचा चहा तरी घे." हे म्हणायचे, "बघू." असं बघू बघू करता दीरच गेला एक दिवस, कसलंसं दुखणं अंगावर काढून.

आता ही घरातली गाऱ्हाणी क्रूझच्या सफरीत कुठून आली असं वाटेल. पण ती सांगितल्याशिवाय मला आठवडाभर कसला घोर होता ते कळायचं नाही. आम्ही परत आल्यापासून जो तो विचारतो, बोटीतनं बेटं बघून आलात, मजा केलीत की! डोंबल मजा. माझा मुलगा त्या बोटीवर कामाला आहे. वेटरच्या हाताखाली, पाहुण्यांची ताटं उचलायला. आणि हे त्याच्या बापाला माहीत नव्हतं.

मुलानं कर्जतला हॉटेलचा कोर्स केला. आधी माथेरानच्या एका हॉटेलात होता, तिथं रिसेप्शनला बसायचा. तेवढं यांना चाललं, कारण टेबल, खुर्ची, समोर रजिस्टर. मग बोटीची नोकरी लागली तेव्हा त्यानं बापाला सांगितलं, "गेस्ट सर्व्हिसला आहे." यांनी ते ऐकलं आणि गावभर करून टाकलं, "पोरगा बोटीवर साहेब हाय." हे खोपोलीच्या कारखान्यात जन्मभर मशीनवर उभे राहिले, साहेब म्हणजे काय ते त्यांना लांबूनच माहीत. मला खरं कळलं ते एका व्हिडिओ कॉलवर. त्याच्या मनगटाच्या वर भाजल्याचा लांब डाग दिसला. मी खोदखोदून विचारलं तेव्हा बोलला, "गरम ताटं असतात आई. एका हातावर चार-पाच घ्यायची सवय व्हायला वेळ लागतो." मी फोन डोळ्यांजवळ नेला. तो म्हणाला, "बाबांना सांगू नको." मी म्हटलं, "मी कशाला सांगू? तुझं तोंड तुला आहे. तूच सांग."

त्यानं काय करावं? आम्हाला तिकिटं पाठवली! बोटीवरच्या लोकांना आपल्या आईबापाला स्वस्तात नेता येतं म्हणे. हे तर पोराहून पोर झाले. मी मात्र परसात जाऊन मुलाला फोन लावला. म्हटलं, "अरे मेल्या, वेड लागलंय का तुला? तिथं येऊन ते डोळ्यांनीच बघतील की!"

"म्हणूनच बोलावतोय. फोनवर जमत नाय मला. तुमी या, दोन दिवस फिरा, बाबा खुशीत आले की समोर बसून सांगतो. त्यांना दुसरीकडून कळायला नको. तोवर तू सांभाळ."

तोवर तू सांभाळ! जणू मी कपाटाच्या किल्ल्या सांभाळणार होते. ज्या माणसानं सख्ख्या भावाला पडवीच्या आत घेतलं नाही, त्याला मी समुद्रात, अनोळखी देशात, कसा सांभाळणार होते ते त्या पोरालाच ठाऊक. मला रोज एकच दिसायचं. मुलगा वर्षातून एकदा आलाय, दिराच्याच जागी बसलाय, आणि तांब्या तोंडाला लावून पाणी पितोय.

विहारात वंदना करून आम्ही निघालो. निम्मं गाव गाडीपर्यंत आलं. यांनी मुलीच्या लग्नातला कोट घातलेला, भर उन्हात. विमानं बदलत बदलत त्या बेटांवर पोचलो. आफ्रिकेला चिकटून आहेत पण राज्य स्पेनचं. ऊन आपल्यासारखंच, फक्त घाम येत नाही. आणि धक्क्याला ती बोट. बोट कसली, आमच्या खोपोलीतल्या चार सोसायट्या एकावर एक ठेवल्यासारखी. यांनी मान वर करून बघितलं आणि छाती पुढं काढून म्हणाले, "बग. आपल्या पोराची बोट."

पोरगा न्यायला आला. पांढरा शर्ट, काळी पँट, केस चापूनचोपून बसवलेले. मी जवळ घेतलं आणि माझं लक्ष त्याच्या खिशाकडं गेलं. तिथल्या प्रत्येक कामगाराच्या छातीवर नावाची पाटी होती आणि नावाखाली कामही लिहिलेलं. याच्या छातीवर काहीच नव्हतं. काढून आला होता.

त्यानं बेत असा आखला होता की संध्याकाळी तो खालच्या मोठ्या हॉलात कामाला असणार, तर आम्ही वरच्या मजल्यावर जेवायचं. तिथं ज्यानं त्यानं आपल्या हातानं वाढून घ्यायचं. यांना हे फार पटलं. "बरोबर हाय. आपल्या हातानं घ्यावं, कुणाला राबवू नये." मी सुटकेचा श्वास टाकला, आणि तोच घोटाळा झाला. जेवण झाल्यावर हे ताट घेऊन उठले आणि इकडंतिकडं बघत म्हणाले, "नळ कुठं हाय गं?"

अगं बाई! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एवढी मोठी बोट, पोहायला तळं, नाचायला हॉल, पण जेवायच्या जागी ताट धुवायला नळ नाही. एक पोरगी धावत आली, "सर, प्लीज, सर," म्हणत तिनं ताटाला हात घातला. हे सोडेनात. ती एका बाजूनं ओढतेय, हे दुसऱ्या बाजूनं. आसपासचे गोरे लोक काटे-चमचे खाली ठेवून बघायला लागले. शेवटी यांनी तिला नमस्कार केला आणि ताट काखेत मारून सरळ केबिनमध्ये घेऊन आले. बाथरूमच्या बेसिनमध्ये हात धुवायच्या साबणानं घासलं, टॉवेलनं पुसलं आणि आरशापुढं पालथं घातलं. पुढं प्रत्येक जेवणाला हेच. आमच्या केबिनची साफसफाई करणारी बाई सकाळी आली की आरशापुढची ताटं बघून कपाळाला हात लावायची आणि घेऊन जायची. हे मला सांगायचे, "बग, धुतलेली देतो. तिला काय तरास नाय."

मला हसूही येत होतं आणि जीवही जात होता. कारण बोटीवर ही बातमी पसरायला कितीसा वेळ लागणार? ताट काखेत घेऊन फिरणारे हिंदुस्थानी काका म्हणून सगळे वेटर यांना ओळखायला लागले. दुसऱ्या दिवशी एक गोव्याकडचा मुलगा हसत हसत आला, "काका, तुम्ही त्याचे बाबा ना? तो आणि मी एकाच..." मी यांचा दंड धरला आणि ओरडले, "अहो, देवमासा! तो बघा देवमासा!" हे कठड्याकडं धावले. देवमासा कसला नि काय. यांनी निळंशार पाणी बघत बराच वेळ काढला आणि मला म्हणाले, "तुला चाळिशी बदलायला पायजे."

पहिल्या बेटावर काळ्या वाळूचा किनारा होता. गाईडनं सांगितलं की डोंगर पेटला, दगड वितळून वाहत आला आणि समुद्रात विझला. हे खाली वाकून दगड हातात घेऊन बघत होते. "हा तर आपला कातळ गं. ठाकुरवाडीच्या घाटात बोगदा फोडलाय ना, तिथं असाच काळा हाय." मुलाला दुपारची सुट्टी होती, तो आला होता. तिघं वाळूत बसलो. मी त्याला डोळ्यांनी खुणावलं. त्यानं घसा साफ केला. "बाबा, एक सांगायचं होतं."

"थांब, आदी मी सांगतो. आपल्या मंडळींनी ठरवलंय, तू सुट्टीवर आलास की विहारात तुझा सत्कार करायचा. मी नको नको म्हणत होतो, पण ऐकतात कुठं? म्हणतात, गावातल्या पोरांना कळू दे, ज्या घरातनं टोपली निघायची त्या घरातलं पोर आज बोटीवर साहेब हाय. तुझा आजा असता ना आज..." पुढं त्यांना बोलवेना. पन्नास जणांसमोर भाषण करणारा माणूस, डोळे पुसायला लागला. मुलगा वाळूवर रेघा मारत बसला. मग म्हणाला, "काय नाय बाबा, उद्या दुसरं बेट आहे, टोपी घ्या एवढंच सांगायचं होतं."

मला त्याचा राग आला आणि त्याची दयाही आली. परतताना मी त्याला मागं ओढून म्हटलं, "उद्या सांगितलं नाहीस तर मी सांगणार." तो म्हणाला, "उद्या नक्की." दुसऱ्या बेटावर त्याला सुट्टीच मिळाली नाही. केळीच्या बागांतून आम्ही दोघंच फिरलो. केळी बघायच्या सोडून मी आपली प्रत्येक गणवेशातल्या माणसाला टाळत होते. हे विचारायचे, "तुला बरं नाय वाटत काय? चेहरा कसा सुकलाय." मी म्हणायचे, ऊन लागतंय.

त्याच संध्याकाळी व्हायचं ते झालं. वरच्या मजल्यावरची दोन वेटर मुलं आजारी पडली म्हणून माझ्या मुलाला ऐन वेळी खालून वर पाठवलं होतं. आम्हाला कळवायला त्याला वेळच मिळाला नाही, आम्ही तरी फोन कुठं बघत होतो? आमचं जेवण होत आलं होतं. मी यांच्यासाठी दही आणायला उठले. वाटी घेऊन आले तर खुर्ची रिकामी आणि टेबलावर ताट नाही. हॉलच्या दुसऱ्या टोकाला गोल काचेचं ढकलायचं दार होतं, वेटर तिथून आत-बाहेर करत होते आणि आतून भांड्यांचा आवाज येत होता. भांडी वाजतात तिथं मोरी, आणि मोरी तिथं नळ. यांचा हिशेब सरळ होता, मग केबिनपर्यंत कशाला जा? वाटी तशीच हातात धरून मी धावले.

दार ढकललं तर आत हे उभे, दोन्ही हातांत ताट धरून. समोर माझा मुलगा. कमरेला एप्रन, डाव्या हातावर ताटांची चळत, आणि उजव्या हातानं एका ताटातलं उरलंसुरलं तो बादलीत खरवडत होता. अर्धवट खाल्लेलं मांस, रस्सा, चोळामोळा केलेले कागद. छातीवर पाटी होती. त्याचा हात तसाच थांबला. मला वाटलं आता हे त्याच्या कानफटात मारतील. मारलं असतं तर बरं, असंही वाटलं. मार कळतो. दिराला यांनी कधी बोटही लावलं नव्हतं.

तेवढ्यात एक उंच बाई आली. त्याची वरची साहेबीण असणार. पाहुणे आत आलेले बघून तिनं त्याला इंग्रजीत काहीतरी झटकन विचारलं. मला वाटलं हा आता गप्प बसणार, नाहीतर वेळ मारून नेणार. पण त्यानं ताटांची चळत खाली ठेवली, सरळ उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "ही इज माय फादर, मॅडम." ती हसली. यांच्याशी हात मिळवायला पुढं आली. यांच्या दोन्ही हातांत ताट होतं, ते यांनी काही सोडलं नाही. वळले आणि ताटासकट बाहेर पडले.

केबिनमध्ये गेले आणि बेसिनपाशी उभे राहून ताट घासायला लागले. घासत होते, घासत होते. साबणाची वडी झिजली तरी थांबेनात. मी मागून म्हटलं, "अहो, बास." हात चालूच. मग माझाच बांध फुटला. म्हटलं, "हो, मला माहीत होतं. मला ओरडायचं तर ओरडा. पण एक सांगते, एक माणूस पडवीत बसवून मारलंत. या पोराला तिथं बसवलंत तर मीही त्याच्याशेजारी जाऊन बसेन. मग घरात तुम्ही आणि तुमचं ताट." एवढं मी यांना जन्मात कधी बोलले नव्हते. यांनी ताट पुसलं, पालथं घातलं आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

दुसऱ्या दिवशीचं बेट म्हणजे नुसती राख. जिकडं बघावं तिकडं काळी जमीन, झाड म्हणून नाही. एका जागी खड्ड्यात पेंढा टाकला तर जमिनीच्या धगीनं तो आपोआप पेटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी यांच्याकडं बघत होते. सकाळी चहाचा कपसुद्धा न बोलता विसळून ठेवला होता. बस पुढं एका द्राक्षांच्या मळ्यात थांबली. त्या राखेत माणसांनी खड्डे खणलेत, खड्ड्यात एकेक वेल लावलीय आणि वाऱ्यानं मोडू नये म्हणून भोवती काळ्या दगडांचा अर्धगोल बांध घातलाय. हे एका बांधावर बसले. मीही बसले.

वेलीकडं बघत म्हणाले, "सगळ्यांची उचलतो?"

"सगळ्यांची."

"गोरी, काळी, सगळी?"

"तिथं येईल त्याची. जात विचारून उचलत नाहीत, आणि उचलतो म्हणून लांबही बसवत नाहीत. त्या साहेबिणीनं हात पुढं केला, बघितलंत ना?"

"आन त्याचं कोण उचलतं?"

हे मात्र मला माहीत होतं, मीच एकदा विचारलं होतं. म्हटलं, "त्याचं तोच. कामगारांची जेवायची खोली वेगळी आहे, तिथं ज्यानं त्यानं आपलं ताट उचलायचं. त्यानं मला सांगितलं, आई, इथं पण आजोबांचाच नियम आहे."

यांनी राखेतला एक खडा उचलला आणि या हातातून त्या हातात करत राहिले. मग म्हणाले, "त्यानं ताटं खाली ठेवली आन माझा बाप म्हणून सांगितलं. एवढ्या लोकांत. लपला नाय." ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला तेव्हा उठले आणि माझा हात धरून मला बांधावरून उतरवलं. पण मनात काय आहे ते कळेना. दिराच्या वेळीही हे असेच गप्प होते.

मुलगा त्या दिवशी भेटायला आला नाही. निरोप आला, बाबांना राग येईल म्हणून येत नाही. शेवटच्या संध्याकाळी मी वर जेवायला निघायची तयारी करत होते तर यांनी कोट चढवला. वरच्या मजल्यावर आधी एकटेच जाऊन आले होते, तिथले कागदी रुमाल खिशात कोंबत होते. मला वाटलं तोंड पुसायला असतील. म्हणाले, "खालच्या हॉलात जायचं." मी दारातच आडवी झाले. "कशाला? तिथं सगळ्यांसमोर तमाशा नको हं. त्याची नोकरी आहे." हे म्हणाले, "त्याच्याच टेबलावर बसायचं, असं सांग तिथं."

सांगितलं. टेबल मिळालं. पांढरी चादर, फुलं, ताटाच्या दोन्ही बाजूंना काट्या-चमच्यांची रांग. मुलगा आला. यांना बघून त्याचा रंगच उडाला. ती उंच बाई जवळच उभी होती. तो म्हणाला, "गुड इव्हिनिंग, सर. गुड इव्हिनिंग, मॅडम." बापाला सर! मी टेबलाखाली चादरीचं टोक घट्ट धरून बसले होते. हे त्याच्याकडं बघून म्हणाले, "गुड इव्हिनिंग." मग हळूच, "काय चांगलं हाय?"

"मासा चांगला आहे बाबा. अख्खा भाजून देतात."

"तो आण."

मासा आला. मुलानं काटे-चमचे गोळा केले आणि बाजूला नेऊन ठेवले, बापानं हातानं खावं म्हणून. त्या चकचकीत हॉलात यांनी बाह्या सावरल्या आणि घरी बांगडा खातात तसा मन लावून तो मासा खाल्ला. त्याच्याबरोबरचे बटाटे खाल्ले. ते कडवट ऑलिव्ह, जे पहिल्या दिवशी तोंडात घालून थुंकले होते, तेसुद्धा एकेक करून खाल्ले. पावाच्या तुकड्यानं ताट पुसून घेतलं. मी त्यांच्या तोंडाकडंच बघत होते. आता उठतात की काय, ताट उचलून चालायला लागतात की काय, चार माणसांत पोराची शोभा करतात की काय. पण यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिले, समोर आपलं जेवलेलं ताट घेऊन. इतक्या वर्षांत मी यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मुलगा आला. दुसऱ्या टेबलावरची ताटं त्याच्या हातावर होती. आमच्यापाशी येऊन थांबला. माझं ताट उचललं. यांच्या ताटाशी हात नेला आणि थबकला.

"उचल," हे म्हणाले.

त्यानं उचललं. हातावरचा एक चमचा घसरून खणकन खाली पडला, तो वाकून घेताना त्यानं बाहीनं डोळे पुसले. हे ताटाकडं बघतच नव्हते, त्याच्याकडं बघत होते. म्हणाले, "सुट्टीवर येशील तेव्हा विहारात मीच सांगतो सगळ्यांना, काय काम करतो ते. साहेब-बिहेब काय नाय." मुलानं मान डोलावली आणि घाईघाईनं आत गेला. मी रडत होते, मला लाज वाटत नव्हती. शेजारच्या टेबलावरच्या म्हातारीनं मला आपला रुमाल दिला.

केबिनमध्ये आलो तेव्हा बाहेर अजून चांगलं ऊन होतं, तिकडं सूर्य लवकर मावळतच नाही. यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि काचेपाशी जाऊन बसले. मी कोट टांगायला उचलला तर माशाचा वास. खिशात हात घातला. कागदी रुमालाची नीट घडी लागली. उघडली तर आत काटे. मधल्या लांब काट्यापासून बारीकसारीक कुसळांपर्यंत सगळे, लिंबाची फोड, ऑलिव्हच्या बिया.

"अहो, हे काय?"

"काटे हायत."

"ते दिसतंय मला. खिशात घालून कशाला आणलेत?"

"ताट उचलू दे त्याला. त्याचं काम हाय ते," हे बाहेर बघत म्हणाले. "पन माझं खरकटं त्यानं कशाला काढायचं?"

मी ती घडी हातात धरून उभी राहिले. खाली समुद्रावर ऊन पडलं होतं आणि मागं सोडलेलं बेट काळं दिसत होतं.

"धाकटा किती येळा बोलला, चहा घ्यायला ये," हे म्हणाले. "जायला काय झालं होतं गं मला? कप माझा मीच विसळला असता."